तेल-वातीचे व्रत

आज आषाढ अमावास्या. पंचांगात तिच्यापुढे दीपपूजन असे लिहिलेले असले, तरी घराघरांत तिचे नाव दिव्याची आवस असेच आहे. आषाढाचे आभाळ अद्याप उघडलेले नाही. भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो, वाळत घातलेल्या कपड्यांचा दमटपणा दोन दोन दिवस जात नाही, आणि चार दिवसांपूर्वी लख्ख घासलेले पितळी तांब्या-ताम्हन पुन्हा काळवंडून बसते. आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू झाला, त्यास अवघे एकोणीस-वीस दिवस झाले आहेत. उद्या श्रावण उजाडेल आणि नागपंचमी, मंगळागौर, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, पोळा अशी सणांची रांगच दाराशी उभी राहील. त्या रांगेच्या अग्रभागी आपल्या पूर्वजांनी कोणा देवतेस उभे केले नाही. दिव्यांना उभे केले. वर्षभर ज्यांच्या उजेडात आपण देव पाहिला, त्यांनाच एक दिवस देव मानावे, ही कल्पना ज्या कोणा अनामिक गृहिणीला प्रथम सुचली असेल, तिच्या कृतज्ञबुद्धीला आम्ही मनोभावे वंदन करतो.

या पूजेला पुरोहित लागत नाही, मुहूर्ताची धावपळ लागत नाही आणि खर्च तर जवळजवळ नाहीच. सकाळी घरातले सारे दिवे एकत्र करावयाचे. देवघरातली समई, आरतीचे निरांजन, पंचारती, माळ्यावर गुंडाळून ठेवलेला लामणदिवा, दिवाळीतल्या दोन-चार पणत्या, आणि जुन्या घरांत अजून जपून ठेवलेला काचेचा कंदीलसुद्धा. चिंचेचा कोळ लावून ते घासावयाचे. चिंचेतले आम्ल पितळेवर चढलेला काळा थर विरघळवते, हे शास्त्र आजीला ठाऊक नसेल. पण नारळाच्या शेंडीने समईच्या घडणीतला मळ कसा काढावा, हे तिच्या बोटांना पक्के ठाऊक होते. मग पाट मांडावयाचा, त्याभोवती रांगोळी काढावयाची, धुऊन कोरडे केलेले दिवे त्यावर ओळीने ठेवावयाचे, त्यांत तेल-वात घालून ते उजळावयाचे, हळद-कुंकू, फुले, आघाडा, दूर्वा वाहावयाच्या. नैवेद्यही दिव्यांचाच. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवावयाची, तुपाचे मोहन घालावयाचे, अंगठ्याने खळगा पाडून इवले इवले दिवे घडवावयाचे आणि मोदकांप्रमाणे वाफवावयाचे. संध्याकाळी त्यांतच तुपाची फुलवात लावून घरातल्या मुलांना ओवाळावयाचे, आणि वात शांत झाली की तोच दिवा वर तुपाची धार धरून मुलांच्या पानात वाढावयाचा. उजेडच खाऊ म्हणून हाती यावा, हे भाग्य आपल्या लेकरांखेरीज आणखी कोणाच्या वाट्याला येत असेल?

चमत्कार पाहण्यासाठी माणसे दूरदूरच्या क्षेत्रांना जातात. त्यांच्या श्रद्धेला आम्ही बोल लावीत नाही. परंतु देवघरातल्या समईपुढे शांतपणे दोन घटका बसून पाहावे. कापसाच्या तंतूंमधल्या सूक्ष्म वाटांनी तेल खालून वर चढत असते. त्याला कोणी ओढीत नाही, कोणी ढकलीत नाही. शास्त्र त्याला केशाकर्षण म्हणते. ते तेल वर जाऊन तापते, त्याची वाफ होते आणि जळते ती मुख्यतः ती वाफ. जोपर्यंत समईत तेल आहे, तोपर्यंत वात फारशी जळत नाही. ती केवळ वाट करून देते. तेल सरले की मात्र वात स्वतःच जळू लागते, काजळी धरते आणि घरभर धुराचा वास पसरतो. शास्त्राने कारण सांगितले म्हणून या गोष्टीतले नवल उणे होते असे आम्हांस वाटत नाही. उलट, जे डोळ्यांसमोर रोज घडते आणि ज्याकडे आपण रोज पाठ फिरवून उभे असतो, त्यातच खरी किमया भरलेली असते, हे या एका वातीवरून पटावे. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत सद्बुद्धीला उपमा दिली, ती सूर्याची नव्हे, लहानशा दीपकलिकेची. थोडी असली तरी तिला कमी लेखू नये, एवढेच त्यांना सुचवावयाचे होते. घरातल्या लहान आचारांविषयीही नेमके हेच म्हणावेसे वाटते.

या दिवसाची कहाणी आमच्या वाचक भगिनींना तोंडपाठ असेल. राजाच्या सुनेने घरातला पदार्थ स्वतः खाल्ला आणि आळ घातला उंदरांवर. उंदरांनी सूड म्हणून तिची चोळी रात्री पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकली. सकाळी एकच बोभाटा झाला, आणि कोणी काही न विचारता सुनेला घराबाहेर काढले. ही सून रोज घरातले दिवे घासून, तेल घालून, निगुतीने लावीत असे. ती गेली आणि ते सारे थांबले. पुढे दिव्याच्या आवसेला राजा शिकारीहून परतताना एका झाडाखाली विसावला असता, त्याने पाहिले की गावातले सगळे दिवे त्या झाडावर जमले आहेत आणि कोणाच्या घरी कशी पूजा झाली, काय नैवेद्य मिळाला, हे एकमेकांना सांगत आहेत. राजाच्या घरचा दिवा तेवढा खिन्न होता. आपली निगा राखणारी सून निरपराध असून घालवली गेली, ही हकीगत त्याने सांगितली. राजाने ती ऐकली, चौकशी केली आणि सुनेला सन्मानाने परत आणून घराचा कारभार तिच्या हाती सोपवला.

ही कहाणी भाबडी आहे असे म्हणून सोडून देणाऱ्यांनी ती नीट वाचलेली नाही. सून सर्वस्वी निर्दोष नाही. एक लहानसे खोटे ती बोललेली आहे, आणि त्या खोट्याचे मोल तिने भरपूर चुकवले आहे. परंतु तिच्यावर आला तो कलंक मात्र खोटा होता. त्या वेळी तिच्या बाजूने बोलावयास सासू आली नाही, दीर आला नाही. आला तो दिवा. आणि तो का आला? एखाद्या दिवशी तिने शंभर वाती लावल्या म्हणून नव्हे, तर रोज एक लावली म्हणून. ज्या घरात जिचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, त्या घरातही कोणी तरी ते पाहत असते, हे आश्वासन शतकानुशतके सासुरवाशिणींनी या कहाणीतून घेतले. आणि घरच्या कर्त्यांसाठी त्यात इशाराही आहे. दिवा नुसता उजेड देत नाही. तो साक्षीला असतो. संध्याकाळी त्याच्यासमोर हात जोडताना आज आपण घरात कोणाला काय बोललो, कोणावर उगाच आळ घेतला, याची आठवण व्हावी, एवढ्यासाठीच दिवेलागणीची वेळ नमस्काराची ठरवली असावी, असे आमच्या मनात पुष्कळदा येते.

दुर्दैवाची गोष्ट अशी की, याच दिवसाला एक दुसरे नाव चिकटले आहे आणि ते पहिल्या नावापेक्षा मोठ्याने घेतले जाते. श्रावणात मद्यमांस वर्ज्य, म्हणून आदल्या दिवशी त्यांची कसर भरून काढावयाची. त्या प्रकाराला ‘गटारी’ असे आपणच हसत हसत म्हणतो. येथे आम्हांस सोवळेपणाचा आव आणावयाचा नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य भाविक घरांत सामिष अन्न शिजते, आणि श्रावणाचा नेम धरण्यापूर्वी घरच्या मंडळींनी एकत्र बसून आवडीचे जेवण केले, तर त्यात कोणाचा धर्म बुडत नाही. आक्षेप आहे तो वेगळ्याच गोष्टीला. ज्या संध्याकाळी आईने मुलाला कणकेच्या दिव्याने ओवाळावयाचे, त्या संध्याकाळी घरचा कर्ता शुद्धीवर नसावा, आणि पाटावरच्या दिव्यांपुढे लेकरांनी भेदरून बसावे, ही अवस्था किती घरांत ओढवते, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. दिव्याच्या सणाला गटाराचे नाव देणारी जीभ आपली आहे. ते परत घेणेही आपल्याच हाती आहे. आज मुलांनी ‘आज काय आहे?’ असे विचारले, तर त्यांना कोणते नाव सांगावयाचे, एवढा निर्णय प्रत्येक घराने करावा.

दिव्याची गरज आता उरली नाही, असाही एक युक्तिवाद केला जातो. तो खरा आहे. चिमणी आणि कंदील यांच्या दिवसांत काच पुसणे, वात कापणे, तेल भरणे ही रोजची निकड होती. दिवा हे अवजार होते. आज बटण दाबताच घर उजळते. जुन्या दिव्यांची घडण पाहावयाची तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. दिनकर केळकरांनी उभ्या आयुष्यात घरोघर हिंडून जमवलेला आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेला तो संग्रह, त्यांतले नाना घाटांचे दिवे पाहताना जीव हरखतो. मोर, हत्ती, साखळ्या, एकेका दिव्यात कारागिराचे सारे मन ओतलेले. तरीही काचेच्या कपाटातल्या त्या थोर दिव्यांना एक गोष्ट मिळत नाही, जी आपल्या देवघरातल्या ओबडधोबड निरांजनाला रोज मिळते. त्यांच्यात तेल नाही. आणि आमचे म्हणणे असे की, दिव्याची गरज संपली म्हणूनच तो लावण्याला आज खरा अर्थ आला आहे. गरजेपोटी आपण पुष्कळ काही करतो. त्यात भक्ती किती आणि निरुपाय किती, हे सांगता येत नाही. गरज नसताना, लखलखाटात बसून, जो माणूस उठतो, हात धुतो आणि एक वात लावतो, त्याने ते पाच क्षण निखळपणे देवाला आणि घराला दिलेले असतात.

आमच्या परिचयाच्या एका वयस्क गृहस्थांची हकीगत येथे सांगाविशी वाटते. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी उभ्या जन्मात देवाला हात जोडण्यापलीकडे देवघरात लक्ष घातले नव्हते. दोन वर्षांपूर्वी वैशाखात त्यांची पत्नी वारली. मुले परगावी. दिवसवार उरकून सगळे परत गेले, त्या दिवशी संध्याकाळी घर काळोखात तसेच पडून होते. सहज देव्हाऱ्याखालचा खण उघडला, तर आत जुन्या डब्यात पत्नीने वळून ठेवलेल्या वाती निघाल्या. त्यांनी एक वात काढून समई लावली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पावसाळा आला तसतसा डबा रिता होत गेला आणि ते हिशेब करू लागले की, अमुक दिवशी तिच्या हातची शेवटची वात जळेल. तो दिवस आला तेव्हा ती वात त्यांनी लावली नाही. शेजारच्या आजीबाईंकडे गेले आणि म्हणाले, ‘काकू, मला वात वळायला शिकवा.’ आजीबाईंनी त्यांच्या बोटांना दुधाचा हात लावला आणि कापूस पुढे ठेवला. पहिल्या दिवशीच्या वाती दोरखंडासारख्या जाड झाल्या, दुसऱ्या दिवशीच्या मध्येच तुटल्या. आठवड्याने जमू लागल्या. गतवर्षीच्या दिव्याच्या आवसेला आम्ही त्यांच्याकडे गेलो असता पाटावर पाच दिवे तेवत होते. ती जपून ठेवलेली वात मधल्या समईत होती. ‘ती वात आज लावली,’ ते म्हणाले, ‘आता मला वळता येते, ते तिला कळू दे.’ आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे त्यांनी काही ठेवलेच नव्हते.

या प्रसंगातून भावनेखेरीज आणखीही एक बोध घ्यावयाचा आहे, आणि तो पुरुषवर्गास रुचेल की नाही, याची आम्हांस शंका आहे. वाती वळण्याची विद्या पत्नीच्या मृत्यूनंतरच शिकावयाची असते काय? घरातला आचार टिकावा, असे सभासंमेलनांतून आग्रहाने सांगणारे बहुतेक पुरुष असतात आणि तो टिकवण्यासाठी पहाटे उठणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात. पूर्वी ती दिवसभर घरी असे. आज ती लोकलच्या गर्दीतून सात-आठ वाजता परतते, आणि परतताच दिवा तिनेच लावावा, नैवेद्य तिनेच करावा आणि तो राहिला तर ‘आताशा घरात काही राहिलेच नाही’ हे वाक्यही तिनेच ऐकावे, हा न्याय नव्हे. वर वातीचे जे सांगितले, ते पुन्हा आठवावे. समईत तेल असते तोवर वात तेवते; तेल सरल्यावर ती स्वतः जळते. घरातल्या एका माणसाला जाळून मिळालेल्या उजेडाला आम्ही मंगल म्हणणार नाही. तेव्हा आज समई घासावयास कर्त्याने बसावे, कणीक मुलाने मळावी, रांगोळी ज्याला जशी येईल तशी त्याने काढावी. ती वाकडी आली, तरी लक्ष्मीला वाट सापडेल.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. ओवाळण्याचे ताट हाती देताना कित्येक घरांत अजूनही एक हात टाळला जातो. जिने मुलांना न्हाऊमाखू घातले, ज्वरात उशाशी बसून रात्री काढल्या, तिचा पती गेला एवढ्याच कारणाने तिने आपल्या नातवाला ओवाळू नये, ही रीत दिव्याच्या सणाला तरी शोभत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांच्या वाट्याला येणाऱ्या अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनानेही त्याच वर्षी इतर ग्रामपंचायतींस त्याचे अनुकरण करण्याविषयी सांगितले. ठराव गावाने करावा. त्याची अंमलबजावणी मात्र शेवटी देवघरापुढेच होत असते. आज निरांजनाचे ताट आजीच्या हाती द्यावे. दिवा कोणाच्या हातात आहे, यावरून त्याने आपला उजेड कधी कमी-जास्त केल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

राहता राहिला प्रश्न जागेचा आणि वेळेचा. वाडे गेले, अंगणे गेली, तुळशीवृंदावन खिडकीतल्या कुंडीत आले. दिवेलागणीला घरात कोणी नसते, हेही खरे. परंतु घरगुती आचाराचे थोरपण असे की, तो घराच्या मापाचा होतो. सात वाजता जमत नसेल तर घरी आल्यावर नऊ वाजता दिवा लावावा. देवाला आपली नोकरी ठाऊक आहे. लामणदिवा नसेल तर एक निरांजन पुरे. लाकडी फडताळाखाली, पडद्याजवळ किंवा गॅसच्या शेगडीपाशी मात्र तेवता दिवा ठेवू नये आणि त्याला एकटे सोडून घराबाहेर जाऊ नये. सावधपणा हाही पूजेचाच भाग होय. दिव्यापाठोपाठ मुलांची शुभंकरोती, वडील मंडळींना नमस्कार आणि जमल्यास परवचा. यांस दहा मिनिटेही लागत नाहीत. ती दहा मिनिटे घरातली सारी माणसे एकाच दिशेला पाहत असतात. बाकीच्या वेळी हल्ली प्रत्येकाच्या हातात आपापला वेगळा उजेड असतो, आणि त्यात एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत.

आणि ज्यांची मुले दूर आहेत, त्यांनीही आजचा दिवा चुकवू नये. उद्यापासून भिंतीवर जिवतीचा पट लागेल. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकुरवाळी जिवती आणि बुध-बृहस्पती. श्रावणातल्या शुक्रवारी माता तिची पूजा करून मुलांना ओवाळतील. मूल परगावी असेल तर काय करावयाचे, हेही आपल्या आयांनी ठरवून ठेवलेले आहे: चारही दिशांना अक्षता टाकावयाच्या आणि त्या दिशांनाच ओवाळावयाचे. कोणे एके काळी ही सोय शेजारच्या तालुक्यात गेलेल्या मुलासाठी असेल. आज ती साता समुद्रांपलीकडच्या मुलालाही पुरते. पृथ्वीच्या पाठीवर कोठेही असला, तरी तो त्या चारांपैकी कोणत्या ना कोणत्या दिशेला असणारच. पत्र, तार, दूरध्वनी यांच्याही आधीपासून आईचा निरोप या वाटेने जात आला आहे, आणि तो पोहोचत नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही तरी करणार नाही.

हा अंक आमच्या वाचकांच्या हाती पडेल तेव्हा सकाळ असेल. संध्याकाळपर्यंत पुष्कळ वेळ आहे. माळ्यावरचा लामणदिवा खाली काढावा, चिंच भिजत घालावी, गूळ विरघळत ठेवावा. वाती वळलेल्या नसतील तर घरातल्या सर्वांत धाकट्याला जवळ बसवून त्याच्या हाती कापूस द्यावा. त्याची वात जाडजूड होईल, वाकडी होईल. तीच आज मधल्या समईत लावावी.